ताप नाही, सीआरपी नॉर्मल

माझं नाव सुलक्षणा. आमच्या वर्गात तीन स्वरा आहेत, दोन आर्या आणि एक मी. आठवीत गावाहून अंधेरीला काका-काकीकडे राहायला आले, तेव्हा हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सुलक्षणा आजी, हजर." मी खाली बघून 'हजर' एवढंच बोलायचे, तेही हळू, कारण तोंड उघडलं की मालवणी बाहेर पडायची. दोन वर्षं अशी मुकी काढली. मग दहावीत विज्ञान प्रदर्शन आलं आणि मी अशी काही बोलत सुटले की आता मला गप्प करताना बाईंची वाट लागते.

हे सगळं निलेशकाकामुळे झालं. काका शूटिंगचा लाईटमन आहे. सिरियलमध्ये सासू रागावून मागे वळते आणि तिच्या तोंडावर जो उजेड पडतो ना, तो काकाने पाडलेला असतो. मढला बंगले भाड्याने घेऊन शूटिंग चालतं, तिथे तो वर्सोव्याहून बोटीने जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठ वळायची नाही. चहाचा कप तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा, बालवाडीतली मुलं पितात तसा. लाईटच्या स्टँडचा स्क्रू फिरवता येईना, तेव्हा युनिटवाल्यांनी त्याला एका जागी बसून वायरी गुंडाळायचं काम दिलं. घरी शर्टाची बटणं श्वेताकाकी लावायची आणि तेवढा वेळ तो भिंतीकडे बघत उभा राहायचा.

चेंबूरच्या मृणालिनी मॅडम सांध्यांच्या डॉक्टर. त्यांनी मला जे समजावलं ते मी अजून झोपेतही सांगू शकते. आपलं रक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे बारीकबारीक प्रथिनं, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलं एक इंटरल्यूकिन-६. जंतू घुसला की ते सगळीकडे ओरडत फिरतं, की ताप आणा, सूज आणा, झोपलेल्यांना उठवा. ते ओरडलं की यकृतातून सीआरपी नावाची वस्तू रक्तात उतरते आणि डॉक्टरांना रिपोर्टमध्ये कळतं की आत काहीतरी चाललंय. काकाच्या अंगात जंतू नव्हताच. तरी हा निरोप फिरत होता, आणि पेशी त्याच्याच सांध्यांना बडवत होत्या. गोळ्यांनी भागेना तेव्हा मॅडमनी इंजेक्शन सुरू केलं. ते हा निरोप पोचूच देत नाही. दर रविवारी एक, पोटावर. फ्रीजमध्ये ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही, आणि टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचं.

काकीला सुई बघितली की चक्कर येते. काकाला स्वतःच्या पोटाची चिमूट धरता येत नव्हती. दोन रविवार नर्स आली. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, मी देते. आणि दिलं. मॅडमना मात्र आम्ही सांगितलं की काकी देते.

दोन महिन्यांत काकाच्या मुठी वळायला लागल्या. गणपतीला गावी गेलो तेव्हा आरतीला त्याने झांज धरली आणि माझे बाबा आरती अर्धी सोडून मागीलदारी जाऊन उभे राहिले.

म्हणून प्रदर्शनाला मी हाच विषय घेतला. पुठ्ठ्याची चार मजली बिल्डिंग. गेटवर मातीचा वॉचमन. बटण दाबलं की घंटा वाजते आणि सगळ्या खिडक्यांत लाल दिवे लागतात. ही निरोगी माणसाची बिल्डिंग. दुसरं बटण दाबलं की चोर नसतानाच घंटा वाजत राहते आणि रहिवासी आपल्याच भिंती फोडतात. तो आमचा काका. तिसरं बटण म्हणजे औषध, घंटेची वायर तोडायची. पूर्ण जोडणी काकाने केली. बारीक बारीक दिव्यांना सोल्डरचा डाग देताना मी त्याची बोटं बघत बसायचे. कापसाची वात वळावी तशी चालायची.

शाळेच्या फेरीत मी अशी बोलले की हॉलमध्ये चिडीचूप. शेवटी विज्ञानाच्या नलिनीबाईंनी विचारलं, आणि वायर तोडलेली असताना खरंच चोर आला तर काय? मी एक सेकंदही थांबले नाही. म्हटलं, बाई, वॉचमनकडे काठी आहे ना. सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. नंतर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विभागाच्या फेरीसाठी त्या प्रश्नाचं खरं उत्तर तयार ठेव. मी हो म्हटलं. तयार काही केलं नाही. टाळ्या मिळालेलं उत्तर कशाला बदलायचं?

त्या दिवसापासून घरात मी डॉक्टरीणबाई झाले. काकीचं डोकं दुखलं तरी मला विचारायचे. रिपोर्टची फाईल माझ्याकडे, कॅलेंडरवर दर रविवारी बरोबरची खूण करायचं काम माझं. फ्रीजच्या दारावर मॅडमनी दिलेलं कार्ड होतं, ते मीच चुंबकाने लावलं होतं. त्यावर लिहिलं होतं, ताप, खोकला, जखम, काहीही असेल तर इंजेक्शन देण्याआधी फोन करा. खाली त्यांचा मोबाईल नंबर.

दोन आठवड्यांपूर्वी मढला एक बंगला उघडला. पावसाळाभर बंद होता, भिंतींना बुरशी, माळ्यावर कबुतरं. काकाने दोन दिवस त्या माळ्यावर उभं राहून लाईट टांगले. बुधवारपासून त्याला कोरडा खोकला सुरू झाला. रविवारपर्यंत खोकला तसाच, आणि दुपारी कधी न झोपणारा माणूस जेवून लगेच आडवा व्हायला लागला होता.

रविवारी सकाळी काकी म्हणाली की मॅडमना फोन करूया. काकाने उडवून लावलं. आमच्याकडे आजार म्हणजे ताप. मानेला हात लावायचा. गरम लागली तर पेज आणि गोधडी, नाहीतर उठ आणि कामाला लाग. माझ्या बाबांना हिवताप झाला होता तेव्हाही ताप उतरल्या उतरल्या ते आंब्याच्या कलमांना पाणी घालायला गेले होते.

"ताप नाय, मगे फोन कित्याक?" काका म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरीणबाई, तुझा काय म्हणणा?"

मी थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव पॉइंट आठ. फाईल उघडली. शुक्रवारीच त्याची महिन्याची रक्ततपासणी झाली होती. सीआरपी शून्य पॉइंट तीन, म्हणजे नॉर्मलच्याही खूप खाली. मी ते काकीला बोट ठेवून दाखवलं.

"काकी, अंगात काही असतं तर रक्तात दिसलं असतं. ताप नाही, सीआरपी नॉर्मल. देऊया."

आता खरं सांगते. विभागाची फेरी गुरुवारी होती. बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याची जोडणी सुटली होती आणि ती काकाने बुधवारी करायची होती. इंजेक्शन चुकलं तर चार-पाच दिवसांत बोटं पुन्हा सुजतात, हे आम्ही एकदा अनुभवलं होतं. मला त्याची बोटं हवी होती. हे तेव्हा मी मनातसुद्धा असं म्हटलं नव्हतं. पण कार्डावरचा नंबर वाचून मी फोन उचलला नाही, तो याच कारणाने.

मी हात धुतले, स्पिरिट लावलं, चिमूट धरली, दहा आकडे मोजत सावकाश औषध आत सोडलं. कॅलेंडरवर खूण केली.

सोमवारी काका कामाला गेला. मंगळवारी दुपारीच परत आला आणि दोन मजले चढताना मध्ये दोनदा पायरीवर बसला. ताप सत्त्याण्णव पॉइंट सहा. मी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला. बुधवारी सकाळी बोलताना त्याला वाक्य पुरं करता येईना, तेव्हा काकीने मला काही न विचारता रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. चांगले होते, खेकसणारे नव्हते. काकाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. त्र्याण्णव होता, थोडा कमी. कपाळ बघितलं. काकीला विचारलं की ताप कधी आला होता का. काकी म्हणाली नाही. मी फाईलमधून शुक्रवारचा रिपोर्ट काढून दिला, कारण फाईल नेहमी मीच देते. त्यांनी तो वाचला आणि त्यांचे खांदे जरा सैल पडले.

"ताप नाही, सीआरपी नॉर्मल," ते म्हणाले. "धुळीची ॲलर्जी वाटते. वाफ देऊन बघू, मग घरी न्या."

माझं वाक्य. जसंच्या तसं, फक्त त्यांच्या तोंडून. आणि ते ऐकताना मला नलिनीबाईंचा प्रश्न ऐकू आला. ताप कोण आणतं? इंटरल्यूकिन-६. सीआरपी कोण उतरवतं? इंटरल्यूकिन-६. आणि आम्ही सहा महिने दर रविवारी काय बंद करत होतो? मी दहा वेळा लोकांना समजावलेली गोष्ट मला स्वतःला तिथे, त्या हिरव्या पडद्याजवळ, पहिल्यांदा समजली. चोर आत असेल तरी या माणसाच्या घरात घंटा वाजणारच नाही.

"सर, तो रिपोर्ट धरू नका," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, आठवीतला होता. "त्याला इंटरल्यूकिन-६ बंद करायचं इंजेक्शन चालू आहे. त्याला ताप येऊच शकत नाही. आला तरी थोडासाच येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग युनिफॉर्मकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं आता बाहेर जायला सांगतील. मी फाईलच्या पहिल्या पानावरची चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर औषधाचं नाव होतं. ती वाचून ते उठले आणि स्वतः व्हीलचेअर ढकलत काकाला एक्स-रेला घेऊन गेले. मला खूप बरं वाटलं. अर्धा तास. मग एक्स-रे आला. डावं फुप्फुस खालून अर्ध्यापर्यंत पांढरं, आणि उजव्याचा कोपराही. संध्याकाळपर्यंत काका आयसीयूत होता.

मृणालिनी मॅडम चेंबूरचा दवाखाना आटोपून आल्या. आयसीयूबाहेरच्या बाकावर आमच्याजवळ बसल्या आणि पहिलं विचारलं की शेवटचं इंजेक्शन कधी दिलं.

"रविवारी," काकी म्हणाली.

खोकला होता का तेव्हा, त्यांनी विचारलं. काकी हो म्हणाली. मग मॅडमनी आवाज न चढवता विचारलं की फोन का केला नाही, द्यायचं कुणी ठरवलं.

"मी," काकी म्हणाली. "मीच दिला. माका वाटला ताप नाय तर काय होता."

काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. जिला सुई बघून चक्कर येते ती बाई. मी फाईल छातीशी धरून बसले होते आणि मला एक मिनिट, खरंच पूर्ण एक मिनिट, वाटलं की हे असंच राहू दे.

मग मी म्हटलं की नेहमी मीच देते, आणि रविवारी देऊया असंही मीच म्हटलं, रिपोर्ट दाखवून.

मॅडमनी माझं वय विचारलं. पंधरा, मी म्हटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी केसपेपरवर रविवारची तारीख लिहिली आणि पेन बंद केलं.

मी विचारलं की त्याला उतारा काय. साप चावला तर देतात तसं काहीतरी असेलच ना. मी एवढं वाचलं होतं, पण हे कधी वाचलं नव्हतं.

"उतारा नाही," मॅडम म्हणाल्या. "गेलेलं औषध काढता येत नाही. ते आपल्या चालीने कमी होणार. दोन आठवडे, कदाचित तीन. तोवर अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन."

मग बरं वाटतंय की नाही हे कळणार कसं, मी विचारलं. ताप नाही, सीआरपी नाही.

"तेच अवघड आहे. ज्या खुणांवरून आम्ही ओळखतो, त्या आपणच बंद केल्यात. श्वास बघायचा, बीपी बघायचं, छातीचे फोटो बघायचे. पुढचा आठवडा महत्त्वाचा." उठताना त्या काकीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताप आला तर घाबरू नका. आला तर मला बरंच वाटेल."

त्या 'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' नाही. पण त्याने काही कमी झालं नाही.

गुरुवारी नलिनीबाईंचा फोन आला. आमचं टेबल त्यांनी अकरापर्यंत अडवून ठेवलं होतं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून सांगितलं की येत नाही. बाईंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, बाई, चोर आला. त्यांना काही कळलं नसणार. मी फोन ठेवला. बिल्डिंग घरी फ्रीजवर तशीच आहे, तिसऱ्या मजल्याची वायर लोंबतेय.

शुक्रवारी गावाहून बाबांचा फोन. कोकणकन्येचं तिकीट मिळत नव्हतं, बसने निघणार होते.

"ताप इलो काय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"नाय? मगे बरो आसा म्हणायचो."

"नाय बाबा. ताप येवक व्हयो."

मग त्यांनी काकीला फोन द्यायला सांगितलं. ताप यायला हवा म्हणते म्हणजे माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार, आणि मी काय समजावणार होते? आता बोलताना माझी जीभ अडकत नाही. पण काकाच्या फुप्फुसात जे चाललंय त्याला माझ्या बोलण्याने काय फरक पडतो? त्याच्या पेशींकडे काठ्या आहेत. कुठे मारायच्या, हे त्यांना धड कुणी सांगत नाहीये, आणि मी तर त्यांना ऐकू जाणार नाही.

आज रविवार. आयसीयूत भेटायची वेळ सकाळी अकरा ते बारा, एका पासवर एक माणूस, सोळाच्या आतल्यांना प्रवेश नाही. चार दिवस दारावरच्या चंद्रप्रकाश वॉचमनने मला आत सोडलं नाही. मी सतरा सांगितलं तर म्हणाला, बेटा, कल तूने अठरा बोला था. आज त्याने माझ्या हातातला पास बघितला आणि रजिस्टरमध्ये मान खाली घातली. मी आत गेले.

काकाच्या तोंडावर मोठा मास्क होता आणि मशीन त्याच्यासाठी हवा ढकलत होतं. डोळे उघडे होते. मी पहिल्यांदा मानेला हात लावला. थंड. दुसरा हात लावून बघितला. तोही तेच म्हणाला.

काकाने मास्क थोडा उचलला. सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे होती.

"नंबर इलो?"

मी गेलेच नाही, मी म्हटलं.

"कित्याक?"

मी घरून एक उत्तर घेऊन आले होते, काहीतरी गमतीचं. ते आठवलं नाही. मी त्याच्या कानाजवळ जाऊन सांगितलं की रविवारी मॅडमना फोन करायला पाहिजे होता, मला माहीत होतं, मी केला नाही, मला गुरुवारसाठी तुझी बोटं हवी होती.

तो श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "सुई मीच मागलंय गो." एवढ्यात सिस्टर आली, तिने मास्क घट्ट बसवला आणि बोलू नका म्हणाली.

काकी म्हणते तिने दिलं. काका म्हणतो त्याने मागितलं. मी म्हणते मी. आमच्या घरात चूक तिघांनी वाटून घेतली, पण औषध जेवढं रक्तात आहे तेवढंच आहे.

काकाने माझा हात धरला. किती घट्ट धरला म्हणून सांगू. बोटं सरळ, सूज नाही, सांधे मोकळे, जूनमध्ये हे हात चिमूट धरू शकत नव्हते. तिथे औषध झकास काम करत होतं. मी त्याला म्हटलं, सोड, दुखतंय. त्याने सोडला नाही.

बाहेर आले तर काकी दाराशीच उभी होती.

"ताप?"

"नाही."

तिने माझ्या हातातून पास घेतला. बाराला सात मिनिटं कमी होती. ती आत गेली, स्वतःचा हात लावून बघायला. मी बाकावर बसले, तिची पिशवी मांडीवर घेतली. दहा वाजता घरी फ्रीजमधून पुढचं इंजेक्शन बाहेर काढायची वेळ होऊन गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. कॅलेंडरवर आजची चौकट रिकामी राहणार.

बारा वाजता काकी बाहेर आली. तिने नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या शेजारी बसली. संध्याकाळची भेटायची वेळ पाचची आहे.